बिनआरशाचे दोन कॅमेरे आणि आत्याचे डोळे

एक वस्तू समोर असली की माणूस ती वापरतो. दोन असल्या की तो विचार करू लागतो. मानवी संस्कृतीचा आरंभ काही जण अग्नीपासून धरतात, काही जण चाकापासून. आमच्या मते तो दुसऱ्या चाकापासून धरायला हवा. पहिलं चाक कोणीतरी नुसतंच फिरवून पाहिलं असणार. दुसरं तयार झालं तेव्हा 'यातलं बरं कुठलं?' हा प्रश्न जन्माला आला, चार जाणती माणसं मांडी घालून बसली, आणि गाडी निघायला पुढे बराच काळ जावा लागला. आज आपण जे काही आहोत ते त्या बैठकीमुळे आहोत.

या थोर परंपरेतला एक गृहस्थ रंगाच्या कारखान्यात तपासनीस होता. त्याला कारखान्यात तपासनीस म्हणत, गल्लीत तपासनीस म्हणत, आणि बायको रागावली की घरातही तेच म्हणे. तो पांढऱ्या विभागात होता. सामान्य माणसाला पांढरा हा एकच रंग वाटतो. यात त्याचा दोष नाही, त्याला तेवढंच दिसतं. तपासनिसाला मात्र दुधी, मोतिया, हस्तिदंती, खडूचा, मिठाचा, इस्पितळाचा, नव्या कचेरीचा आणि जुन्या कचेरीचा असे पुष्कळ पांढरे रंग डोळे झाकून ओळखता येत. (झाकून म्हणजे एक झाकून. दोन्ही झाकून फक्त विभागप्रमुख ओळखत, आणि ते कधीच चुकले नाहीत, कारण त्यांना विचारायची कोणाची टाप नव्हती.)

पांढऱ्या विभागाचा एकच नियम होता आणि तो भिंतीवर लिहिलेला होता : 'दोन डब्यांची तुलना एकमेकांशी करू नये. प्रत्येकाची मूळ नमुन्याशी करावी.' हा नियम पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत असल्यामुळे पात्र व्यक्तींनाच वाचता येई. मूळ नमुना म्हणजे तळहाताएवढी एक फरशी. ती काळ्या कापडाचं अस्तर लावलेल्या कपाटात कुलपात असे. उजेड लागला तर तिचाही रंग बदलेल, म्हणून ती गरजेपुरती बाहेर काढायची, डब्यातला रंग तिच्या शेजारी धरायचा, आणि लगेच आत ठेवायची. तपासनिसानं हा नियम इतकी वर्षं पाळला होता की आता तो भिंतीकडे बघतही नसे.

त्याच्या घरी बायको होती आणि आत्या होती. बायको शिवणाचे क्लास घ्यायची. आत्या ही त्याच्या वडिलांची थोरली बहीण. आई लहानपणीच गेल्यामुळे आत्यानंच त्याला लहानाचा मोठा केला होता, आणि तो मोठा झाला यावर तिचा अजून पुरता विश्वास बसला नव्हता. रस्ता ओलांडताना ती त्याचा हात धरायची. आपण तिला आधार देतोय असं त्याला वाटे. ती त्याला पलीकडे नेत असे.

आत्याला आयुष्यात कशाचीही तक्रार नव्हती. अपवाद एकच : फोटो. कुटुंबातल्या एकूण एक फोटोंत तिचे डोळे मिटलेले होते. तिच्या लग्नाच्या फोटोत नवरा समोर बघतोय आणि आत्या झोपलीय. तपासनिसाच्या लग्नात ती मागच्या रांगेत उभ्या उभ्या झोपलीय. तिच्या ओळखपत्रावर तर ती इतकी गाढ झोपलीय की कचेरीतल्या कारकुनानं आदरानं आवाज खाली आणून विचारलं होतं, "या... आहेत ना?" मोबाइल आले तरी फरक पडला नाही. कोणी 'हं, बघा इकडे' म्हणालं, की कळ दाबण्याच्या नेमक्या क्षणी आत्याच्या पापण्या खाली येत. कॅमेऱ्याचा 'खट्' आवाज तिला आधीच ऐकू येतो असं घरात मानलं जाई.

एकदा डॉक्टरांनी आत्याची छाती तपासली आणि, "हृदय थकलंय. जपा," असं सांगितलं. घरी येताना रिक्षात आत्या म्हणाली, "अरे, माझा एक फोटो काढ. डोळे उघडे असलेला."

"काढू की. घाई काय आहे?"

"घाई नाही रे. पण उद्या मी गेले, की भिंतीवर काहीतरी लावाल ना? तो झोपलेला लावू नका. डोळे उघडे असले तर निदान घरात काय चाललंय ते दिसेल तरी मला."

तपासनिसाला ही मागणी रास्त वाटली. ज्या बाईनं त्याच्या डोळ्यांत औषध घालण्यासाठी अख्ख्या घराला वळसे घालून त्याचा पाठलाग केला होता, तिच्या डोळ्यांसाठी एवढं करायलाच हवं होतं. मोबाइलच्या फुटकळ फोटोवर भागवायचं नाही, धड कॅमेरा घ्यायचा, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. इथपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं.

बायकोच्या भावाचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. मोबाइल आल्यापासून त्या दुकानात मुख्यत्वे मोबाइलची कव्हरं विकली जात. पण काचेच्या कपाटात दोन-चार कॅमेरे मानानं मांडून ठेवलेले असत. तपासनिसानं अडचण सांगितली तेव्हा मेहुण्याचे डोळे चमकले.

"दाजी, तुम्हाला बिनआरशाचा पाहिजे. जुन्या कॅमेऱ्यात आत आरसा असायचा. कळ दाबली की तो वर उडायचा, म्हणून खट् वाजायचं. नव्यात आरसाच नाही. आवाज नाही, काही नाही. आत्यांना पत्ताच लागणार नाही फोटो कधी निघाला ते."

"आरसा काढला म्हणजे स्वस्त झाला असेल."

"नाही दाजी. आरसा काढला म्हणून महाग झाला."

(आधुनिक उद्योगाचं सारं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आलेलं आहे. पुढल्या काळात खुर्चीतून पाय काढले जातील तेव्हा वाचकांना याची आठवण होईल.)

मेहुण्यानं नवशिक्यांसाठीचे दोन कॅमेरे काढून समोर ठेवले आणि म्हणाला, "घरचंच दुकान आहे. दोन्ही घेऊन जा. वापरून बघा. आवडेल तो ठेवा, दुसरा परत आणा." पांढऱ्या विभागाच्या तपासनिसाला त्यानं आपल्या हातानं दोन वस्तू दिल्या आणि वर 'आवडेल तो' असे शब्द उच्चारले. त्याच्या बहिणीनं पुढे त्याच्याशी बरेच महिने बोलणं टाकलं, त्याचं मूळ इथे आहे.

या दोन कॅमेऱ्यांना आपण पहिला आणि दुसरा म्हणू. पहिला हलका होता, त्यामुळे बाहेर न्यायला सोयीचा. दुसरा जड होता, त्यामुळे हातात स्थिर. पहिल्याचा मागचा पडदा दारासारखा बाजूला उघडे, दुसऱ्याचा पेटीच्या झाकणासारखा वर. पहिल्याची बॅटरी लवकर संपे, पण त्यामुळे ती भरायची आठवण राहत असे. दुसऱ्याची संपतच नसे, आणि म्हणून ती कधी भरायची हे माणूस विसरून जाण्याचा धोका होता. दोघांनाही समोरच्या माणसाचे डोळे शोधून त्यांवर छोटी चौकट धरता येई. मात्र पहिल्याला फक्त माणसाचे डोळे ओळखता येत. दुसऱ्याला माणसाचे, कुत्र्याचे आणि पक्ष्याचेही. घरात कुत्रा नव्हता. ही उणीव कॅमेऱ्याची धरायची की घराची, यावर तपासनिसानं एक रविवार घालवला.

मग त्यानं तज्ज्ञांचा सल्ला घेतला. या दोन कॅमेऱ्यांची तुलना करणारे तज्ज्ञ जगात इतके आहेत, की हे कॅमेरे विकत घेणारे तितके असतील का याची शंका येते. हे तज्ज्ञ इंटरनेटवर राहतात. त्यांच्या मागे पुस्तकांचं कपाट आणि एक निळा दिवा असतो. तपासनिसानं जेवढ्यांचं ऐकलं त्यांपैकी निम्म्यांनी पहिला घ्यायला सांगितला, निम्म्यांनी दुसरा, आणि उरलेल्यांनी थोडं थांबायला सांगितलं. (बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जाते, पण तज्ज्ञांच्या बाबतीत ती नेहमीच जाते.) यांतल्या कोणीही कोणाच्या आत्याचा फोटो काढला नव्हता. बहुतेकांनी विटांच्या भिंतीचे काढले होते, आणि भिंती उत्तम आल्या होत्या.

रविवारी सकाळी खिडकीजवळ खुर्ची मांडण्यात आली. आत्या ठेवणीतली जांभळी शाल पांघरून, केस नीट बसवून, ओठ मिटून येऊन बसली.

"हसू का रे?"

"हस. पण दोन्ही वेळा सारखंच हस."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्याला जितकं हसशील, तितकंच दुसऱ्याला. कमी नाही, जास्त नाही. नाहीतर तुलना न्याय्य होणार नाही."

आत्यानं जन्मभर पाहुण्यांत डावं-उजवं केलेलं नव्हतं. पण कॅमेऱ्यांच्या बाबतीतही करायचं नाही हे ऐकून तिला जे हसू फुटलं ते आवरेना. तपासनिसानं पहिल्याची कळ दाबली. मग दुसऱ्याची. आवाज झाला नाही. आत्याला पत्ता लागला नाही. पहिल्या फोटोत ती तोंडभर हसत होती. दुसऱ्यात हसून दमली होती आणि शालीचं टोक तोंडाकडे नेत होती. दोन्ही फोटोंत तिचे डोळे टक्क उघडे होते.

बायको हातातलं बेतायचं कापड तसंच घेऊन बघायला आली. "अगंबाई! अहो, काय सुंदर आलाय! झालं की काम!"

"काय झालं?"

"फोटो झाला."

"हा फोटो नाही. ही चाचणी आहे. यात ही हसतेय आणि यात हसून झालंय. कशाची कशाशी तुलना करणार?" आणि पुढच्या चाचणीला दोन्ही कार्डं सारखीच कोरी असावीत म्हणून त्यानं दोन्ही फोटो पुसून टाकले. हा तपासनीसपणाचा कळस होता, आणि कळसावर चढलेल्या माणसाला खालून कोणी हाक मारली तरी ऐकू येत नाही.

पुढचे काही रविवार आत्याला स्थिर करण्यात गेले. तिच्या मागे उशी देण्यात आली. पायांखाली पाट देण्यात आला. हनुवटी कुठे ठेवायची हे कळावं म्हणून समोरच्या भिंतीवर खडूनं खूण करण्यात आली. पण आत्या मध्येच "तुझी कॉलर दुमडलीय बघ" म्हणे, किंवा शेजारची बाई खिडकीतून डोकावली की तिच्याकडे वळे, किंवा औषधाची वेळ झाली म्हणून उठे. शेवटी तपासनिसानं नाइलाजानं निर्णय जाहीर केला : चाचणीवस्तू (आत्या) ही स्वभावतः अस्थिर असून तिच्या मुद्रेवर वेळोवेळी भाव येत असल्यामुळे ती तुलनेस अपात्र ठरवण्यात येत आहे. तिच्या जागी पुढील आदेशापर्यंत स्वयंपाकघरातील किटलीची नेमणूक करण्यात येत आहे.

किटली ही आदर्श चाचणीवस्तू होती. ती हसत नाही, बोलत नाही, तिला दुपारची गोळी घ्यावी लागत नाही. स्टीलची असल्यामुळे उजेड आणि अंधार दोन्ही तिच्या अंगावर स्पष्ट दिसतात. पहिल्याच दिवशी एक मोलाचा शोध लागला : दुसऱ्या कॅमेऱ्यानं किटलीच्या झाकणावरची काळी मूठ हा डोळा आहे असं ठरवून तिच्यावर चौकट धरली. पहिल्यानं धरली नाही. आता हा दुसऱ्याचा दोष, की जिथे डोळा नाही तिथेही तो शोधण्याची त्याची तळमळ? इंटरनेटवर हा प्रश्न टाकल्यावर तज्ज्ञांत उभी फूट पडली आणि दोघांनी एकमेकांच्या घराण्याचा उद्धार केला.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तिचे तरी डोळे उघडे आले का रे?" तिनं विचारलं.

"आत्या, तू जरा बाहेर बस. किटलीत तुझं प्रतिबिंब पडतंय."

खरंच पडत होतं. किटलीच्या पोटावर जांभळी शाल, जरा फुगलेलं नाक, आणि त्यावर दोन उघडे डोळे, छोटे पण स्पष्ट. तपासनिसानं ते फोटो 'अनावश्यक प्रतिबिंब' या कारणाखाली बाद करून पुसले. आत्या बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. शाल तिनं काढली नाही, कदाचित बोलावलं तर असावी म्हणून.

असे बरेच रविवार गेले. दर रविवारी आत्या शाल पांघरून विचारायची, "आज माझी पाळी का?" आणि तपासनीस सांगायचा की आज पट्ट्याची लांबी आहे, आज कळेचा मऊपणा आहे, आज कमी उजेडातली किटली आहे. आत्या "बरं बरं" म्हणायची. मग ती बसल्या बसल्या त्याच्याकडे बघत राहायची, कारण दुसरं बघण्यासारखं त्या खोलीत काही चाललेलं नसायचं.

मध्यंतरी मेहुणा येऊन गेला. तो अवघडून म्हणाला, "दाजी, कंपन्यांनी हे दोन्ही कॅमेरे बंद केले हो. यांच्या पुढचे आलेत."

"उत्तम," तपासनीस म्हणाला. "आता यांच्यात काही बदल होणार नाही. तुलना जास्त शुद्ध होईल."

मेहुण्यानं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं भिंतीकडे पाहिलं.

त्या रात्री जेवताना तिनं विषय काढला. "अहो, काल आत्यांना जिना चढताना मध्ये तीनदा बसावं लागलं."

"मग काय घाई करून चुकीचा कॅमेरा घ्यायचा?"

"चुकीचा काय असतो त्यात? दोन्हींत फोटो येतो ना?"

हा प्रश्न कोणी पांढऱ्या विभागात विचारला असता तर त्याची बदली काळ्या विभागात झाली असती. (काळ्या विभागात एकच डबा आहे. तिथली माणसं वेळेवर घरी जातात, आणि सुखी असतात असं ऐकिवात आहे.) पण बायकोची बदली करता येत नाही. शिवाय जिन्याची गोष्ट त्याला आत कुठेतरी टोचली होती. त्याचं आत्यावर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. प्रेम होतं म्हणूनच तर तो तिच्यासाठी दोहोंतला चांगला कॅमेरा शोधत होता. एखाद्या परक्या बाईचा फोटो तो पहिल्याच दिवशी काढून मोकळा झाला असता.

त्यानं रात्रभर डोकं खाजवलं आणि सकाळी उपाय सापडल्याच्या आनंदात उठला. आत्याला हवंय काय? उघडे डोळे. म्हणजे चेहऱ्याचा बाकीचा भाग, नाक, गाल, हनुवटी, हा प्रस्तुत प्रश्नाच्या कक्षेबाहेरचा आहे. अस्थिर असतो तोही तोच भाग. तेव्हा फक्त डोळे घ्यावेत. दोन्ही कॅमेरे एकाच स्टँडवर शेजारी शेजारी बसवावेत आणि दोन्हींच्या कळा एकाच वेळी दाबाव्यात, म्हणजे क्षणही तोच, उजेडही तोच. पहिल्यानं डावा डोळा घ्यावा, दुसऱ्यानं उजवा. डोळे एकाच बाईचे असल्यामुळे ते समान आहेत असं गृहीत धरता येईल. या योजनेत त्याला एकही दोष दिसला नाही, आणि तो दोष शोधण्यासाठी पगार घेणारा माणूस होता.

रविवारी आत्याला पुन्हा पात्र ठरवण्यात आलं. तिला इतका आनंद झाला की तिनं शालीला इस्त्री करायला लावली. शाल फोटोत येणार नाही हे तिला कोणी सांगितलं नाही.

ती खुर्चीत बसली. समोर दोन काचा जवळजवळ तिच्या नाकाला लागलेल्या.

"कुठल्या भोकात बघू रे?"

"दोन्हींत."

"दोन्हींत कशी बघू? तिरळी दिसेन ना! तू असा कर, मागे मधोमध उभा राहा. मी तुझ्याकडे बघते."

तो मागे मधोमध उभा राहिला. आत्यानं त्याच्याकडे बघितलं, सरळ, न हलता, न बोलता. तिला त्याच्या कॉलरचंही काही म्हणायचं नव्हतं. ती इतका वेळ इतकी स्थिर कधीच बसली नव्हती. तपासनीस तेव्हा दोन पडद्यांकडे बघत होता. दोन्हींवर डोळ्याभोवती चौकट आली, त्यानं दोन्ही कळा दाबल्या, आणि दोन्ही डोळे उघडे, पापणीचा केस न् केस मोजता येईल इतके स्पष्ट आले.

"आले?" आत्यानं विचारलं.

"आले. आता हे मोठे करून बघतो, एक कॅमेरा नक्की करतो, आणि पुढच्या रविवारी त्याच्यावर तुझा पूर्ण चेहऱ्याचा काढतो. अगदी नक्की."

"बरं. तोवर शाल घडी करून ठेवते."

आत्या बुधवारी दुपारी त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली. डोळे मिटलेले होते.

भिंतीवर लावायला फोटो शोधण्यात आला तेव्हा दोन गट पडले. पहिल्या गटातल्या सगळ्या फोटोंत आत्या झोपलेली होती, आणि ते लावायचे नाहीत हे तिनं स्वतः सांगितलेलं होतं. दुसऱ्या गटात किटली होती. राहता राहिले ते दोन डोळे. मेहुण्यानं ते मोठे करून, चौकटींत बसवून आणून दिले. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या वर ते शेजारी शेजारी टांगले गेले : डावीकडे एक डोळा, उजवीकडे एक, आणि मध्ये जिथे आत्या असायला हवी होती तिथे वीतभर भिंत. (मिठाचा पांढरा.)

भेटायला माणसं येत. दारातून आत येताना त्यांचे चेहरे पडलेले असत. ती चौकटींसमोर उभी राहत, हात जोडत, सुस्कारा टाकत. मग मान जराशी तिरकी होई.

"डावा जरा जास्त शार्प वाटतो, नाही?" शेजारची बाई म्हणाली.

"पण उजव्याचे रंग बघा," कारखान्यातला एक सहकारी म्हणाला. "कुठला कॅमेरा?"

एक दूरचे काका तर चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून दोन्ही चौकटींसमोर आळीपाळीनं उभे राहिले, आणि जाताना तपासनिसाच्या खांद्यावर हात ठेवून गदगदलेल्या आवाजात म्हणाले, "मीसुद्धा एक घ्यायच्या विचारात आहे."

रंगांचं मात्र खरं होतं. डावा डोळा पिंगट आला होता, मधाकडे झुकणारा. उजवा राखाडी आला होता, कडेला हिरवट. दोन्ही कॅमेऱ्यांची रंगांबद्दल आपापली मतं असतात, हे तज्ज्ञांनी सांगितलेलंच होतं. मग बरोबर कुठला? तपासनिसाला बरं वाटलं. प्रश्न त्याच्या हातातला होता, रंगाचा होता. तो डोळे मिटून आत्याचे डोळे आठवू लागला. त्याला शाल आठवली. तिचा हात आठवला, औषधाची बाटली धरलेला. कॉलर नीट करणारी बोटं आठवली. डोळे येईनात.

"आत्याचे डोळे कसे होते गं?" त्यानं बायकोला विचारलं.

"घारे होते ना?" ती म्हणाली. मग थांबली. "मला नक्की नाही सांगता येणार. त्या नेहमी डोळ्यांत बघून बोलायच्या. मीच खाली मान घालून शिवत असायचे."

मेहुणा म्हणाला काळे. शेजारची बाई म्हणाली पिंगट, पण तिनं ते डाव्या चौकटीत बघून सांगितलं. ओळखपत्र काढण्यात आलं. त्यावर आत्या झोपलेली होती.

दुसऱ्या दिवशी तपासनीस कामावर गेला. कितीतरी वर्षांनी त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं आणि पांढऱ्यावरची पांढरी अक्षरं त्याला दिसली. दोन डब्यांची तुलना एकमेकांशी करू नये. प्रत्येकाची मूळ नमुन्याशी करावी. मूळ नमुना त्याच्या घरी दर रविवारी शाल पांघरून खिडकीजवळ बसत होता. कुलपात नव्हता, कपाटात नव्हता. नुसती मान वर करायची होती. तो कपाटासमोरच्या स्टुलावर बसला आणि त्याला रडू आलं. पांढऱ्या विभागात डोळ्यांतून पाणी येणं नवीन नाही, रंगाच्या वासानं ते येतंच, म्हणून कोणी काही विचारलं नाही. त्या दिवशी डबे मात्र सगळे बंद होते.

मेहुण्यानं कॅमेरे परत घेतले नाहीत. ते अजून घरात आहेत, दोन्ही. बायकोनं त्यांच्यावर एक कापड टाकून ठेवलंय.

आता वाचकांविषयी थोडंसं. तपासनीस मूर्ख होता, असं आपलं मत एव्हाना झालं असेल आणि ते योग्यच आहे. फक्त एक छोटी चाचणी द्यावी. आपल्याला ज्यांनी वाढवलं त्यांच्यापैकी कोणाही एकाच्या डोळ्यांचा नेमका रंग, आहात त्या जागेवरून न उठता सांगावा. 'काळे असावेत' हे उत्तर धरलं जाणार नाही. फोटो काढून बघणं नियमबाह्य आहे. पलीकडच्या खोलीत जाऊन बघणंही नियमबाह्य आहे; पण ज्यांच्या पलीकडच्या खोलीत अजून कोणी बसलेलं आहे, त्यांनी हा नियम जरूर मोडावा, आणि आत्ताच मोडावा, ही गोष्ट अशीच उघडी टाकून.

गेले? ठीक. जे अजून इथेच बसून पुढे वाचताहेत, त्यांना काय हवंय याची आम्हाला कल्पना आहे. दुसरा घ्या. बॅटरी जास्त टिकते.